जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स: पाहुण्यांचे नेहमीचे प्रश्न

बॉस्टनला आलेल्या पाहुण्यांचं हार्वर्ड झालं, समुद्र झाला, खरेदी झाली, की मी त्यांना रेड लाइनने क्विन्सीला नेतो. तिथे दोन जुनी लाकडी घरं आहेत, एक मोठं घर बागेसकट आहे, आणि स्टेशनासमोर ग्रॅनाइटचं एक चर्च आहे. आत्या, सासरे, मित्र, मित्रांची कॉलेजातली मुलं, सगळ्यांनी तेच तेच विचारलं, म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय. उत्तरं सारख्या मापाची नाहीत. काही ठिकाणी मला आवरत नाही.

हे अ‍ॅडम्स कितवे? मला वाटलं दुसरे.

दुसरे ते वडील, जॉन अ‍ॅडम्स. हा मुलगा, सहावा अध्यक्ष, १८२५ ते १८२९. जन्म ११ जुलै १७६७चा, मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रेनट्रीचा. गावाचा तो भाग पुढे क्विन्सी झाला. बाप आणि लेक दोघेही अध्यक्ष, अशी पुढची जोडी थेट बुश पितापुत्रांची, म्हणजे पावणेदोनशे वर्षांनी. दोन्ही अ‍ॅडम्स दुसऱ्यांदा उभे राहून पडले, आणि दोघांनीही आपल्या जागी आलेल्या माणसाच्या शपथविधीला पाठ फिरवली. रुसवा घराण्यातच होता म्हणायचा.

क्विन्सी की क्विन्झी?

गावचे लोक क्विन्झी म्हणतात. मराठीत क्विन्सी रूढ आहे, तेच लिहितो. आणि गावाला अध्यक्षांचं नाव दिलेलं नाही, हेही इथेच सांगतो. दोघांनाही नाव मिळालं ते कर्नल जॉन क्विन्सी यांचं. ते याच्या आईचे आजोबा. बाळ जन्मलं तेव्हा म्हातारा अंथरुणाला खिळून शेवटचे श्वास मोजत होता, आणि आजीने हट्ट धरला की माझ्या वडिलांचं नाव ठेवा.

बापानेच पुढे आणलं असणार ना?

हा आत्याचा प्रश्न. आपल्याकडची राजकारणं बघून आलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? अर्धं खरं आहे.

शिक्षण बापाने दिलं, आणि तसं शिक्षण त्या काळात दुसऱ्या कुठल्या अमेरिकन पोराला क्वचितच मिळालं असेल. १७७८मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षी, तो वडिलांबरोबर फ्रान्सला गेला. पुढच्या वर्षी पुन्हा निघाले तर जहाज गळायला लागलं. कसंबसं स्पेनच्या फेरोल बंदराला लागले आणि तिथून ऐन हिवाळ्यात डोंगर ओलांडत, खेचरांवर बसून पॅरिसला पोचले. चौदाव्या वर्षी हा मुलगा फ्रान्सिस डेना या अमेरिकन वकिलाचा (कोर्टातला नव्हे, परदेशी दरबारात पाठवलेला दूत) चिटणीस म्हणून सेंट पीटर्सबर्गला गेला. रशियाच्या दरबाराची भाषा फ्रेंच, डेनांची फ्रेंच जेमतेम. दुभाष्याचं काम पोराने केलं.

आई अ‍ॅबिगेल काही कमी कडक नव्हती. तो दहा वर्षांचा असताना, समुद्रापलीकडे असताना, तिने त्याला लिहिलं: तू दुराचारी किंवा कृतघ्न निघालास असं बघण्यापेक्षा, जो समुद्र ओलांडून गेलास त्यातच तुला मूठमाती मिळाली असती तर बरं. दहा वर्षांच्या मुलाला! हे वाचलं की पुढचा सगळा अ‍ॅडम्स समजतो. पहाटे चार-पाचला उठणं, रोज बायबल, रोज डायरी, आणि तरीही आयुष्यभर ‘आपण काहीच केलं नाही’ ही टोचणी.

पण नेमणुकांचं म्हणाल, तर पहिली नेमणूक वडिलांनी केलेली नाही. १७९४मध्ये वॉशिंग्टन यांनी त्याला नेदरलँड्समध्ये वकील म्हणून पाठवलं. वडील अध्यक्ष होणार हे ठरल्यावर घरच्यांनाच संकोच वाटू लागला. तेव्हा वॉशिंग्टन यांनी पत्र लिहून सांगितलं, की केवळ तुमचा मुलगा म्हणून त्याची बढती अडवू नका, परदेशातला आपला सर्वांत मोलाचा माणूस तोच आहे.

पुढे १८०३मध्ये वडिलांच्याच फेडरलिस्ट पक्षातर्फे तो सिनेटर झाला आणि पक्षाच्या विरोधात जाऊन अध्यक्ष जेफरसन यांच्या बाजूने मतं देत बसला. १८०७च्या व्यापारबंदीने बॉस्टनच्या जहाजमालकांचं कंबरडं मोडलं, आणि त्यांचाच सिनेटर त्या कायद्याच्या बाजूने! पक्षाने मुदत संपायच्या आधीच त्याच्या जागी दुसरा निवडला. त्याने राजीनामा फेकला. घराणेशाहीचा फायदा असा कोणी घेतो का, सांगा.

लहानपणी युद्ध बघितलं होतं का?

हो. १७ जून १७७५. सात वर्षांचा मुलगा आईचा हात धरून घराजवळच्या पेन्स हिलवर उभा राहिला आणि तिथून स्वातंत्र्ययुद्धातल्या बंकर हिलच्या लढाईच्या तोफा ऐकल्या, चार्ल्सटाउन जळताना पाहिलं. त्या लढाईत डॉ. जोसेफ वॉरन पडले. ते घरचे डॉक्टर. मोडलेलं बोट कापावं लागणार होतं ते त्यांनी वाचवलं होतं. त्या बोटाच्या हाताने त्याने पुढे किती पानं लिहिली ते खाली येईलच.

अध्यक्ष होण्याआधी काय केलं?

माझ्या मते या माणसाची दोन मोठी कामं: एक अध्यक्षपदाच्या आधीचं, एक नंतरचं. मधली चार वर्षं पडकीच.

ब्रिटनशी झालेल्या १८१२च्या युद्धाचा शेवट करणारा गेंटचा तह २४ डिसेंबर १८१४ला झाला. त्यातल्या अमेरिकन शिष्टमंडळाचे प्रमुख हेच. १८१७ ते १८२५ ते अध्यक्ष मन्रो यांचे परराष्ट्रमंत्री होते. आपल्याकडे पेशवाई बुडाली त्या १८१८ साली अ‍ॅडम्स ब्रिटनशी करार करून रॉकी पर्वतापर्यंतची उत्तर सीमा ४९व्या अक्षांशावर आणून ठेवत होते. पुढच्याच वर्षी स्पेनच्या ओनीस यांच्याशी तह झाला. फ्लोरिडा मिळालं, आणि सीमारेषा नकाशावर थेट पॅसिफिक महासागराला जाऊन टेकली. मोबदल्यात स्पेनला रोख काही द्यायचं नव्हतं; अमेरिकन नागरिकांचे स्पेनवरचे पन्नास लाख डॉलरपर्यंतचे दावे अमेरिकेने स्वतःवर घेतले.

१८२३चं ‘मन्रो धोरण’ हेही बरंचसं यांच्याच डोक्यातलं. ब्रिटनने सुचवलं होतं की युरोपने अमेरिका खंडात ढवळाढवळ करू नये अशी घोषणा आपण दोघे मिळून करू. बाकीचे मोठे लोक तयार होते. अ‍ॅडम्स म्हणाले, ब्रिटिश युद्धनौकेच्या मागे बांधलेल्या होडग्यासारखं फरफटत जाण्यापेक्षा आपलं म्हणणं आपणच सांगू.

याच काळातली एक गोष्ट मात्र खुपते. १८१८मध्ये जनरल अँड्र्यू जॅक्सन सेमिनोल या मूळ रहिवासी लोकांच्या पाठलागाच्या नावाखाली स्पेनच्या फ्लोरिडात घुसले आणि दोन ब्रिटिशांना मृत्युदंड देऊन मोकळे झाले. मंत्रिमंडळ त्यांना झटकायला निघालं होतं. एकट्या अ‍ॅडम्सनी त्यांची बाजू लावून धरली, कारण स्पेनशी सौदा करताना ती धास्ती कामाची होती. हेच जॅक्सन पुढे त्यांच्या मुळावर आले.

कमी मतं पडूनही ते अध्यक्ष कसे झाले?

हा सासऱ्यांचा आवडता प्रश्न. चहाच्या दुसऱ्या कपाशिवाय सुटत नाही.

१८२४ साली चौघे उभे होते, चौघेही म्हणायला एकाच पक्षाचे. इलेक्टोरल मतं, म्हणजे अध्यक्ष निवडायला राज्यांनी नेमलेल्या इलेक्टरांची मतं, अशी पडली: जॅक्सन ९९, अ‍ॅडम्स ८४, क्रॉफर्ड ४१, क्ले ३७. जिंकायला १३१ हवी होती. कोणालाच नाहीत. अशा वेळी राज्यघटनेच्या बाराव्या दुरुस्तीप्रमाणे पहिल्या तिघांतून एकाला संसदेच्या खालच्या सभागृहाने, म्हणजे प्रतिनिधीगृहाने निवडायचं, आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत. म्हणजे न्यूयॉर्कलाही एक आणि चिमुकल्या डेलावेअरलाही एक.

चौथे आले हेन्री क्ले. ते बाद. पण क्ले हेच प्रतिनिधीगृहाचे सभापती! आता ते ज्याच्या बाजूला वजन टाकतील तो अध्यक्ष. क्रॉफर्ड आजाराने खचले होते, आणि जॅक्सन म्हणजे नुसता तलवारबहाद्दर असं क्ले यांचं मत होतं. ९ जानेवारी १८२५च्या संध्याकाळी सहा वाजता क्ले अ‍ॅडम्सच्या घरी आले. भूतकाळाचा खुलासा आणि भविष्याबद्दल दीर्घ बोलणं झालं, एवढंच डायरीत आहे. एरवी हवामानसुद्धा टिपून ठेवणारा माणूस त्या रात्री मोजकंच लिहितो.

९ फेब्रुवारीला पहिल्याच फेरीत निकाल लागला: २४ राज्यांपैकी अ‍ॅडम्स १३, जॅक्सन ७, क्रॉफर्ड ४. क्ले यांच्या केंटकीच्या विधानसभेने जॅक्सनना मत द्या असं बजावलेलं असूनही केंटकी अ‍ॅडम्सकडे गेलं. आणि मग अ‍ॅडम्सनी परराष्ट्रमंत्री कोणाला केलं? क्लेंना. त्या काळी परराष्ट्रमंत्री म्हणजे पुढचा अध्यक्ष असा पायंडाच होता. जॅक्सनच्या लोकांनी ‘भ्रष्ट सौदा’ अशी आरोळी ठोकली ती चार वर्षं थांबवलीच नाही.

सौदा झाला होता का? कागदावर काही नाही. दोघांची मतं खरोखरच जुळत होती: रस्ते, कालवे, राष्ट्रीय बँक. पण लोकांना काय दिसेल याचा विचार न करणं हा अ‍ॅडम्सचा जन्मजात दोष, आणि इथे तो महागात पडला. एक गोष्ट जॅक्सनचे चाहते सांगत नाहीत: न्यूयॉर्कसह सहा राज्यांत त्या वर्षी लोकांनी मतदानच केलं नव्हतं, इलेक्टर तिथल्या विधिमंडळांनी निवडले होते. त्यामुळे ‘जनतेची मतं’ ही बेरीजच अपुरी आहे. सासऱ्यांना हे पटलेलं नाही.

मग अध्यक्ष म्हणून काय केलं?

फारसं काही करू दिलं नाही लोकांनी. डिसेंबर १८२५च्या पहिल्या संदेशात त्यांनी रस्ते, कालवे, राष्ट्रीय विद्यापीठ, वजनमापांची शिस्त आणि वेधशाळा एवढं सगळं मागितलं. युरोपात १३०हून अधिक वेधशाळा आहेत आणि आपल्या अख्ख्या खंडात एकही नाही, असं सांगताना त्यांनी वेधशाळेला ‘आकाशातलं दीपगृह’ म्हटलं. सुंदर उपमा. विरोधकांनी तिच्यावर कित्येक वर्षं विनोद केले. त्याच संदेशात, ‘मतदारांच्या इच्छेने आपले हात लुळे पडले असं जगाला सांगायचं का’ अशा अर्थाचं वाक्यही होतं. निवडून यायला कमी मतं पडलेल्या माणसाने असं बोलू नये, हे त्यांना कोणी सांगितलं नसावं. सांगितलं तरी ऐकलं नसतं. पोस्टमास्टर जनरल मॅक्लेन उघड जॅक्सनच्या बाजूने काम करत होते, तरी ‘काम चोख करतो’ म्हणून त्यांना काढलं नाही.

जॉर्जियातल्या क्रीक या मूळ रहिवासी लोकांची जमीन लाटणारा १८२५चा करार फसवणुकीचा आहे हे कळल्यावर अ‍ॅडम्सनी नवा करार करवून घेतला, पण जॉर्जियाच्या गव्हर्नरने डोळे वटारले तेव्हा ते मागे सरले. क्रीकांची जमीन गेलीच.

एकच दिवस लोकांनी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या असाव्यात. ४ जुलै १८२८, चेसापीक-ओहायो कालव्याचं भूमिपूजन. कुदळ मारली ती जाड मुळावर बसली. पुन्हा मारली, पुन्हा तेच. राष्ट्राध्यक्षांनी कोट काढून बाजूला ठेवला आणि घाम गाळून माती उपसली. गर्दी खूश. चार महिन्यांनी निवडणूक झाली: जॅक्सन १७८, अ‍ॅडम्स ८३.

ते नदीत उघडे पोहायचे हे खरं का?

खरं. पोटोमॅकमध्ये, पहाटे. १८२५च्या जूनमध्ये होडीत पाणी शिरून बुडता बुडता वाचले. एका पत्रकार बाईने काठावरच्या कपड्यांवर बसून मुलाखत घेतली, ही गोष्ट मात्र दंतकथा. व्हाइट हाउसमध्ये मगर पाळली होती, तीही तसलीच.

पत्नीबद्दल कोणी सांगत नाही.

लुईझा कॅथरीन. जन्म लंडनचा, वडील अमेरिकन व्यापारी, आई इंग्रज. परदेशात जन्मलेली ती पहिली ‘फर्स्ट लेडी’. दुसरी यायला २०१७ उजाडलं. नवरा हेकट, सासू तिच्याबद्दल साशंक. गर्भपात किती झाले त्याची मोजदाद नको. नवरा रशियात वकील असताना वर्षाची मुलगी गेली, तिला तिथेच पुरलं.

तिची एक गोष्ट मी पाहुण्यांना हमखास सांगतो. १८१५चा फेब्रुवारी. नवरा तहाच्या निमित्ताने पश्चिमेकडे, त्याचा निरोप आला: घर मोडून पॅरिसला ये. ती सात वर्षांच्या चार्ल्सला घेऊन सेंट पीटर्सबर्गहून निघाली. बर्फावरून घसरत जाणारी गाडी, पुढे तिला चाकं लावली. चाळीस दिवसांचा प्रवास, युद्धाने उजाड झालेल्या मुलखातून. आणि फ्रान्समध्ये शिरते तर नेपोलियन एल्बाहून परत आलेला! पॅरिसच्या वाटेवर त्याच्या सैनिकांनी रशियन बनावटीची गाडी पाहून तिला घेरलं. शिपाई आणि बरोबरच्या बायका ‘रशियन आहेत, मारा’ असं ओरडायला लागल्या. तिने खिडकीतून बाहेर बघून अस्खलित फ्रेंचमध्ये नेपोलियनचा जयजयकार केला आणि वाट करून घेतली. तिची तीन मुलं मोठी झाली. थोरला जॉर्ज १८२९मध्ये बोटीवरून पाण्यात पडून गेला, मधला १८३४मध्ये. चार्ल्स तेवढा उरला. यादवी युद्धाच्या वेळी लंडनमधला अमेरिकेचा वकील तोच. १८५२मध्ये लुईझा गेली तेव्हा काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकन संसदेच्या, दोन्ही सभागृहांनी कामकाज थांबवलं.

राष्ट्राध्यक्षपद भोगलेला माणूस पुन्हा साधा खासदार? कमीपणा वाटला नाही?

घरच्यांना वाटला. त्यांना नाही. १८३०मध्ये प्लिमथ भागातल्या लोकांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, लोकांनी निवडलं तर माजी राष्ट्राध्यक्षाने गावपंचायतीत बसण्यातही कमीपणा नाही. निवडून आल्यावर डायरीत लिहिलं, की अध्यक्षपदाच्या निवडीने मनाला याच्या निम्माही आनंद झाला नव्हता. मरेपर्यंत, म्हणजे सतरा वर्षं, ते प्रतिनिधीगृहात बसले. असा माजी अध्यक्ष आजवर दुसरा झालेला नाही.

तोंडबंदीचा ठराव म्हणजे काय?

आता मी खुर्ची जरा पुढे घेतो.

१८३०च्या दशकात गुलामगिरी बंद करा म्हणणारे हजारो अर्ज काँग्रेसकडे येऊ लागले. बरेचसे बायकांच्या सह्यांचे. दक्षिणेच्या सभासदांना ते कानांवरही नको होते. २६ मे १८३६ला ठराव झाला: गुलामगिरीबद्दलचा कुठलाही अर्ज आला की न छापता, समितीकडे न पाठवता, थेट बाजूला ठेवायचा. अ‍ॅडम्स बोलायला उभे राहिले तर बोलू देईनात. ते ओरडले, ‘माझं तोंड बांधलंय की नाही?’ नाव पुकारल्यावर हो किंवा नाही म्हणायच्या ऐवजी त्यांनी सांगून टाकलं, की हा ठराव राज्यघटनेचा, सभागृहाच्या नियमांचा आणि माझ्या मतदारांच्या हक्कांचा भंग आहे.

आणि मग सुरू झाला म्हाताऱ्याचा खेळ. वय सत्तरीला आलेलं, हात थरथरतोय, डोळ्यांना पाणी, आवाज चिरका, टक्कल लाल झालेलं. रोज अर्जांचा गठ्ठा घेऊन यायचं आणि नियमाच्या कुठल्या फटीतून तो आत सरकवता येतो ते बघायचं. ६ फेब्रुवारी १८३७ला त्यांनी सभापती पोक यांना भोळेपणाने विचारलं: माझ्याकडे बावीस गुलामांच्या सहीचा अर्ज आहे, हा ठरावात बसतो का? सभागृहात आग लागली. गुलामांचा अर्ज! याला निषेधाचा ठराव हवा, याला हाकला, अर्ज जाळा! दोन दिवस आरडाओरडा होऊ दिला, आणि मग सांगितलं की सभासदांनी अर्ज वाचायची तसदी घेतलेली नाही. त्यात गुलामगिरी बंद करू नका असं म्हटलंय. मराठीत याला आपण ‘पाण्यात ओढून आंघोळ घालणं’ म्हणू शकतो.

१८४२मध्ये हेव्हरहिल गावच्या ४६ जणांचा अर्ज त्यांनी मांडला, त्यात चक्क अमेरिकेतल्या राज्यांचा संघ मोडावा अशी मागणी होती. आता तरी सापडला, असं वाटून देशद्रोहाच्या भाषेत निषेधाचा ठराव आला. अ‍ॅडम्सनी कारकुनाला सांगितलं, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा पहिला परिच्छेद वाचा. सरकार बदलण्याचा किंवा मोडण्याचा लोकांचा हक्क, ते वाक्य येईपर्यंत ‘पुढे वाचा, पुढे वाचा’. आरोपीने दोन आठवडे फिर्यादींचीच उलटतपासणी घेतली. शेवटी १०६ विरुद्ध ९३ मतांनी ठराव गुंडाळला गेला. तोंडबंदी ३ डिसेंबर १८४४ला १०८ विरुद्ध ८० मतांनी उठली. साडेआठ वर्षं लागली.

अमिस्टाड खटल्यात त्यांनी नक्की काय केलं?

१८३९मध्ये आफ्रिकेतून पळवून आणलेल्या मेंडे लोकांनी क्यूबाच्या किनाऱ्याजवळ अमिस्टाड हे जहाज ताब्यात घेतलं. त्यांचा म्होरक्या सेंग्बे पिए. जहाज भरकटत लाँग आयलंडला पोचलं आणि जिवंत उरलेली माणसं कनेटिकटच्या तुरुंगात. अध्यक्ष व्हॅन ब्यूरन यांच्या सरकारला त्यांना स्पेनच्या हवाली करून मोकळं व्हायचं होतं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं तेव्हा गुलामगिरीविरोधी कार्यकर्ते क्विन्सीला आले आणि ७३ वर्षांच्या म्हाताऱ्याला गळ घातली. त्या कोर्टात उभं राहून त्यांना तीसहून अधिक वर्षं झाली होती.

तुरुंगातल्या काले नावाच्या अकराएक वर्षांच्या मुलाने, नुकत्याच शिकलेल्या इंग्रजीत, त्यांना पत्र लिहिलं. लोक म्हणतात मेंडे लोक मठ्ठ, कारण आम्हाला अमेरिकेची भाषा येत नाही. अमेरिकन लोकांना मेंडे भाषा येत नाही, मग अमेरिकन लोक मठ्ठ का? माझ्या मते खटल्यातला सर्वांत बिनतोड युक्तिवाद हाच.

२४ फेब्रुवारी १८४१ला अ‍ॅडम्स बोलले, मग एक न्यायाधीश वारल्याने काम थांबलं, १ मार्चला पुन्हा बोलले. एकूण आठ-साडेआठ तास. भिंतीवर लावलेल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याकडे बोट दाखवून म्हणाले, माझ्या अशिलांना लागू होणारा कायदा मला तेवढाच माहीत आहे. कायद्याचं नेटकं काम सहकारी वकील रॉजर बाल्डविन यांनी केलं होतं, आणि ९ मार्चचा निकालही बराचसा त्या वाटेने गेला. पण अध्यक्षांनी न्यायात ढवळाढवळ केली हे माजी अध्यक्षाच्या तोंडून ऐकणं ही गोष्टच वेगळी होती. लोक सुटले. परतीचं भाडं मात्र वर्गणीतून उभं करावं लागलं. उरलेले ३५ जण जानेवारी १८४२मध्ये सिएरा लिओनला पोचले.

म्हणजे ते पहिल्यापासून गुलामगिरीविरोधी होते?

मनातून हो, चव्हाट्यावर नाही. १८२०मध्येच डायरीत त्यांनी गुलामगिरीला देशावरचा गलिच्छ डाग म्हटलं, आणि मिसुरी राज्यात गुलामगिरी असावी का हा वाद म्हणजे एका मोठ्या शोकान्त ग्रंथाचं पहिलं पान असंही. पण परराष्ट्रमंत्री असताना, युद्धात ब्रिटिशांबरोबर निघून गेलेल्या गुलामांची भरपाई मालकांना मिळावी म्हणून हेच गृहस्थ भांडत होते. १८३१ला पहिले अर्ज मांडतानाही ‘मागणीशी मी सहमत नाही’ असं बजावलं. अर्ज करण्याच्या हक्कासाठी लढता लढता ते अर्जातल्या मजकुरापर्यंत पोचले. युद्ध पेटलं तर सरकार युद्धाच्या अधिकारात गुलाम मुक्त करू शकतं, हे त्यांनी सभागृहात सांगून ठेवलं. १८६३मध्ये लिंकन त्याच अधिकाराने गेले.

वॉशिंग्टनची ती फुकट म्युझियम्स आणि यांचा काही संबंध?

आहे की. जेम्स स्मिथसन या इंग्रज शास्त्रज्ञाने, जो कधी अमेरिकेत आलाही नव्हता, आपली इस्टेट ‘ज्ञानवाढीसाठी’ अमेरिकेला दिली. १८३८मध्ये पाच लाख डॉलरहून अधिक किमतीची सोन्याची नाणी जहाजातून आली. सरकारने ती रक्कम आर्कान्सासच्या रोख्यांत घातली आणि रोखे बुडाले. अ‍ॅडम्स दहा वर्षं हात धुऊन मागे लागले: मूळ रक्कम व्याजासकट परत करा, आणि ती खाऊ नका. १८४६मध्ये स्मिथसोनियन संस्थेचा कायदा झाला.

डायरीचं एवढं काय?

बाराव्या वर्षी सुरू केली, मरेपर्यंत लिहिली. ५१ खंड, चौदा हजारांवर पानं. मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीने सगळी पानं इंटरनेटवर ठेवली आहेत. वाचायला बसलात तर अक्षराची सवय होईपर्यंत डोळे दुखतील. स्वतःबद्दल १८१९मध्ये लिहितात: मी अबोल, थंड, कठोर आणि लोकांना दूर ठेवणारा माणूस आहे. शत्रूंनीही हेच लिहिलं असतं.

त्यांचा खरा फोटो आहे?

आहे. १८४३चा. अमेरिकन अध्यक्षांच्या टिकून राहिलेल्या मूळ छायाचित्रांत सर्वांत जुना. त्या वर्षी काढलेल्या काही फोटोंबद्दल त्यांचा अभिप्राय: सगळे भेसूर.

मृत्यू कसा झाला?

कामाच्या जागी. २१ फेब्रुवारी १८४८. मेक्सिको युद्धातल्या अधिकाऱ्यांच्या गौरवाचा प्रस्ताव होता. हे युद्ध गुलामगिरीच्या विस्तारासाठी आहे असं म्हणून दोन वर्षांपूर्वी विरोधात मत देणाऱ्या चौदा जणांत ते होते. त्या दिवशीही खणखणीत ‘नाही’ म्हणाले. थोड्या वेळाने उठायला गेले आणि बाजूला कलंडले. सभापतींच्या खोलीत नेलं, तिथेच २३ तारखेला गेले. वय ८०. सभागृहात त्या वेळी पहिल्यांदाच निवडून आलेला इलिनॉयचा एक उंच सभासद होता, अब्राहम लिंकन. अंत्यविधीच्या समितीत त्याचं नाव आहे. कॅपिटलमध्ये जुन्या सभागृहाच्या फरशीवर अ‍ॅडम्सच्या बाकाची जागा दाखवणारी पट्टी आहे, बघून या.

आपल्या महाराष्ट्राशी काही नातं?

थेट नाही, ओढूनताणून जोडणार नाही. मॅसॅच्युसेट्सचे मिशनरी १८१३मध्ये मुंबईत येऊन मराठी शिकू लागले, तेव्हा अ‍ॅडम्स रशियात होते. ते गेले त्याच १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली. पुढे १८७३मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. कोणा एकाचं नाव त्यात नाही, पण त्या सज्जनांच्या रांगेत हा किरकिरा म्हातारा बसतो.

क्विन्सीला कसं जायचं, काय बघायचं?

रेड लाइनने क्विन्सी सेंटर. घरं बहुतकरून उबदार महिन्यांतच उघडी असतात, वेळापत्रक बघून निघा. बाप जन्मला ते घर आणि मुलगा जन्मला ते घर हाकेच्या अंतरावर आहेत. छतं इतकी बुटकी की आपल्याकडचं कोकणातलं माळ्याचं घर आठवतं. मोठ्या घराशेजारी दगडी ग्रंथालय आहे, १८७०मध्ये बांधलेलं, आगीच्या भीतीने घरापासून सुटं. मेंडे लोकांनी निघताना अ‍ॅडम्सना दिलेलं बायबल याच संग्रहातलं. १९९६मध्ये ते चोरीला गेलं होतं, सापडलं; २००७मध्ये मॅसॅच्युसेट्सचे पहिले कृष्णवर्णीय गव्हर्नर डेव्हल पॅट्रिक यांनी त्यावर हात ठेवून शपथ घेतली.

मग स्टेशनासमोरचं चर्च. तळघरात ग्रॅनाइटच्या चार शवपेट्या आहेत: जॉन, अ‍ॅबिगेल, जॉन क्विन्सी, लुईझा. आत्या तिथे बराच वेळ उभी होती. वर आल्यावर म्हणाली, ‘मरेपर्यंत सासूपासून सुटका नाही, आणि मेल्यावरही तिच्याच शेजारी.’